अमेरिकन कट ग्लास आणि तो जपणारी संग्रहालये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कट ग्लास म्हणजे नेमके काय? काच 'कापतात' म्हणजे काय करतात?

खिडकीची काच हिरकणीने कापतात, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. इथे आधी भट्टीवर फुंकून जाड काचेचे साधे भांडे तयार होते. ते पूर्ण निवले की फिरत्या चाकावर दाबून त्याच्या अंगावर खाचा पाडतात. हिऱ्याला पैलू पाडावेत तसेच हे काम. ताजी खाच पांढुरकी आणि खरखरीत दिसते. ती टप्प्याटप्प्याने घासून पुन्हा आरपार दिसू लागली की तिची प्रत्येक बाजू लोलकासारखी प्रकाश फोडते.

यासाठी साधी काच चालत नाही, शिशाची काच लागते. वाळू, पोटॅश आणि शेंदूर हे तिचे मुख्य घटक. शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. लेड क्रिस्टल म्हणवणाऱ्या काचेत शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण किमान २४ टक्के असते. शिशामुळे काच जड होते आणि चाकाखाली मऊ लागते. तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमताही वाढते : साध्या काचेचा सुमारे १.५२, शिशाच्या काचेचा १.५४ च्या पुढे. आकडा किरकोळ वाटेल, पण शिशाच्या काचेत प्रकाश जास्त वाकतो आणि त्यातले रंगही जास्त फाकतात, वाडग्याच्या तळाशी रंगांची जी उधळण दिसते ती त्यामुळेच.

'ब्रिलियंट' काळ कोणता?

अमेरिकन कट ग्लासच्या भरभराटीचा, साधारण १८७६ ते पहिल्या महायुद्धापर्यंतचा. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात अमेरिकन कारखानदारांनी आपला माल मांडला आणि युरोपची काच मागवण्याची सवय असलेल्या श्रीमंत घरांची नजर देशी कामाकडे वळली. त्याआधीही अमेरिकेत काच कापत होते, पण नक्षी साधी, उथळ आणि बरीचशी इंग्रजी-आयरिश वळणाची असे. या काळात खाचा खोल गेल्या, भांडी जाड झाली आणि मोकळी जागा जवळजवळ उरलीच नाही.

दोन तारखा ध्यानात ठेवल्या तर संग्रहालयातले कपाट वाचता येते. १८८२ मध्ये हॉक्स कारखान्यासाठी फिलिप मॅक्डोनाल्डने 'रशियन' नक्षीचे पेटंट घेतले. सगळ्या अंगभर एकमेकांना छेदणाऱ्या सरळ खाचा आणि त्यांच्यामधून उठणाऱ्या बारीक चांदण्या, हे तिचे रूप. १८८६ मध्ये डॉर्फ्लिंगर कारखान्यात जॉन ओ'कॉनरने 'पॅरिसियन' आणली. तिच्यात खोल खाच पहिल्यांदा वळणदार झाली. सपाट दगडी चाकावर जाड भांडे धरून वळण घेणे किती अवघड आहे, हे एकदा लक्षात आले की या नक्षीकडे बघायची दृष्टीच बदलते.

हे काम कोणत्या संग्रहालयांत पाहावे?

एकच जागा पाहणे शक्य असेल तर न्यूयॉर्क राज्यातले कॉर्निंग. ब्रुकलिनमधला हाउटन कुटुंबाचा काच कारखाना १८६८ मध्ये इथे आला आणि त्याच्यासोबत काच कापणारा जॉन होअरही आला. होअरकडे काम केलेल्या आयरिश थॉमस हॉक्सने १८८० मध्ये स्वतःचा कारखाना काढला. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पुढे एगिंटन, सिंक्लेअर अशी नावे वाढत गेली आणि गावाला 'क्रिस्टल सिटी' म्हणू लागले. कॉर्निंग म्युझियम ऑफ ग्लास १९५१ मध्ये सुरू झाले. त्याच्या दालनांत प्राचीन इजिप्तपासून आजपर्यंतची काच आहे, त्यामुळे घाईत गेलेले लोक कट ग्लासपर्यंत पोचेपर्यंत थकलेले असतात. आमचा सल्ला : अमेरिकन कट ग्लास आधी पाहा, प्राचीन काच नंतर.

पेनसिल्व्हेनियातले व्हाइट मिल्स हे छोटे गाव, पण या विषयासाठी मोठे. अल्सेसमध्ये जन्मलेला आणि फ्रान्सच्या सेंट लुई कारखान्यात शिकलेला क्रिस्चन डॉर्फ्लिंगर १८४६ मध्ये अमेरिकेत आला. १८५२ मध्ये त्याने ब्रुकलिनमध्ये कारखाना काढला आणि पुढे तो व्हाइट मिल्सला स्थिरावला. लिंकन पतिपत्नींसाठी १८६१ मध्ये व्हाइट हाउसची काचभांडी त्याच्याच कारखान्यातून गेली. १८९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्यासाठी ५२० नगांचा 'रशियन' संच गेला, ६,००० डॉलरला. कारखाना १९२१ मध्ये बंद पडला. आज तिथे अभयारण्याच्या आवारात डॉर्फ्लिंगर ग्लास म्युझियम आहे आणि गावात जुन्या कारखान्याच्या इमारतीत वेगळे फॅक्टरी म्युझियमही आहे. दोन्ही पाहा. पहिल्यात भांडी दिसतात, दुसऱ्यात ती करणारी माणसे कळतात.

ओहायोतल्या टोलेडो म्युझियम ऑफ आर्टमध्ये लिबी कंपनीचा प्रचंड पंच बोल, म्हणजे पंच हे पेय वाढण्याचा मोठा वाडगा आहे. अमेरिकेतल्या सेंट लुई शहरातल्या १९०४ च्या प्रदर्शनासाठी तो केला होता. वजन सुमारे ६१ किलो, सोबत २३ पेले. मॅसॅच्युसेट्समधला हा कारखाना एडवर्ड लिबी याने १८८८ मध्ये टोलेडोला हलवला आणि हे संग्रहालय उभारण्यातही त्याचाच पुढाकार होता. काचेच्या भिंतींचे 'ग्लास पॅव्हिलियन' २००६ चे.

वेस्ट व्हर्जिनियात व्हीलिंगच्या ओगलबे संस्थेच्या काच संग्रहालयात ब्रिलियंट काळाच्या कितीतरी आधीचा, १८४४ सालचा स्वीनी पंच बोल आहे. उंची जवळपास पाच फूट, वजन सुमारे १०० किलो. हा बोल कित्येक दशके काच कारखानदार मायकेल स्वीनीच्या थडग्यावर उभा होता. फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनचे लाइटनर म्युझियम आहे. जुन्या अल्काझार हॉटेलात १९४८ पासून असलेल्या या संग्रहालयात कट ग्लास त्या काळच्या इतर चैनीच्या वस्तूंसोबत मांडलेला आहे. श्रीमंत जेवणाच्या टेबलावर तो कसा शोभत असेल, याची कल्पना तिथे येते.

एक भांडे कापायला नेमक्या कोणत्या पायऱ्या लागत?

या प्रश्नाचे उत्तर कळल्याशिवाय संग्रहालयातले एकही भांडे नीट दिसत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

सुरुवात कोऱ्या भांड्यापासून, ज्याला कारागीर 'ब्लँक' म्हणत. बहुतेक कापणारे कारखाने स्वतः काच वितळवत नसत. ते कॉर्निंग ग्लास वर्क्स, डॉर्फ्लिंगर, पेअरपॉइंट, फ्राय अशांकडून कोरी भांडी विकत घेत. म्हणून एकाच भट्टीच्या काचेवर चार कारखान्यांची नक्षी सापडते. कोऱ्या भांड्यात बुडबुडे, न विरघळलेले खडे किंवा काचेतच दिसणाऱ्या दोऱ्यासारख्या रेषा असतील तर ते बाजूला पडे, कारण पुढचे सगळे श्रम वाया जाणार. सगळ्यात फसवा दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही. भट्टीतून काढलेले भांडे सावकाश निवले नसेल तर काचेत ताण अडकून राहतो आणि चाक आत शिरताच भांडे तडकते.

मग आखणी. शेंदूर टर्पेंटाइनमध्ये कालवून कुंचल्याने फक्त मुख्य रेघा काढत. तळाचा मध्य, कडेचे समान भाग, मोठ्या खाचांच्या जागा एवढेच. बारीक जाळी आखत नसत, ती कारागिराच्या नजरेतून येई. कट ग्लासमधले खरे कौशल्य इथे आहे असे आम्हाला वाटते.

पहिली कापणी लोखंडी चाकावर. वरच्या नरसाळ्यातून ओली वाळू सतत चाकावर गळत राही आणि खरे कापण्याचे काम ती वाळूच करी. पुढे वाळूच्या जागी कार्बोरंडम ही कठीण कृत्रिम पूड आली. चाकाची धार जशी, तशी खाच : टोकदार धारेने इंग्रजी 'व्ही'सारखी खोल खाच, सपाट धारेने पट्टा, गोलसर धारेने वाटीसारखा खळगा. कारागीर भांडे चाकाच्या वर धरून खाली दाबतो. त्यामुळे भांड्याची भिंत त्याच्या आणि खाचेच्या मध्ये येते आणि ओल्या वाळूतून, काचेच्या पाठीमागून खाच किती खोल गेली ते ओळखावे लागते. थोडे जास्त दाबले की भिंतीला आरपार भोक. थोडे कमी दाबले की रेषा मध्यावर भेटत नाहीत आणि चांदणी लंगडी दिसते.

दुसरी पायरी दगडी चाकाची. स्कॉटलंडच्या क्रेगलीथ खाणीतला वाळूचा दगड यासाठी नावाजलेला होता. इथे वाळू नाही, फक्त पाणी. चाक त्याच खाचांतून पुन्हा फिरते, खरखर जाते, आणि लहान रेघा, पंखे, बारीक जाळी याच टप्प्यावर पडतात. पाणी कमी पडले तर घर्षणाने काच तापून तडकते, म्हणून पाण्याची धार चालूच ठेवावी लागे.

शेवटी चकाकी. विलोसारख्या मऊ लाकडाच्या चाकांवर प्यूमिसची पूड, मग ब्रश आणि फेल्टची चाके, त्यांवर कथील-शिशाची बारीक पूड. ही पूड कारागिरांच्या पोटात आणि फुफ्फुसांत जाई. शिशाची विषबाधा हा या धंद्याचा ठाऊक असलेला रोग होता. झगमगत्या कपाटासमोर उभे असताना हेही आठवावे.

अ‍ॅसिडने चमकवलेले भांडे कमी दर्जाचे का मानतात?

१८९० च्या दशकापासून अनेक कारखाने कापलेले भांडे हायड्रोफ्लुओरिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवू लागले. लाकडी चाकावरचे तासन्‌तास वाचले. पण आम्ल उंच कडा आणि खोल खाच असा भेद करत नाही, सगळीकडून थोडी थोडी काच खाते. कडांचा तीक्ष्णपणा जातो आणि पृष्ठभागाला किंचित मेणासारखी, लाटालाटांची झाक येते. हाताने चमकवलेल्या खाचेत भिंगातून चाकाच्या बारीक समांतर रेघा दिसतात. अ‍ॅसिड म्हणजे वाईट असा सरसकट निकाल मात्र देऊ नये. चांगल्या कारखान्यांतही ते वापरले गेले आणि नक्षी मुळात चांगली असेल तर भांडे चांगलेच राहते.

कापणे आणि कोरणे यांत फरक काय?

कापताना भांडे चाकाच्या वर असते, कोरताना खाली. कोरणारा तांब्याच्या लहान चकत्या वापरतो, त्यांवर तेलात कालवलेली कुरुंदाची भुकटी लावतो, आणि फुले, प्राणी, नावाची अक्षरे उथळ काढतो. ही आकृती बहुधा अर्धपारदर्शक, राखाडीसर ठेवतात. कॉर्निंगमध्ये कोरणाऱ्यांत बोहेमियातून आलेले कसबी बरेच होते.

साच्यात दाबलेली काच आणि खरा कट ग्लास कसा ओळखायचा?

बोटाने. खऱ्या खाचेची कड बोटाला बोचते, साच्यातली कड गोलसर लागते. मग साच्याची शिवण शोधा : भांड्यावर उभी, दोरीसारखी बारीक रेघ. एकसारख्या चांदण्या तुलनेने पाहा. साच्यातल्या अगदी जुळ्या असतात, हाताच्या कामात कुठे तरी रेघ केसभर पुढे गेलेली सापडतेच. आतल्या बाजूवर हात फिरवा. खरे काम बाहेरून होते, म्हणून आतली भिंत गुळगुळीत असते.

फसवणारा एक प्रकार आहे. काही कारखाने मोठ्या खाचा साच्यातच उठवलेली कोरी भांडी घेत आणि त्यांवर चाक फिरवून वरवरचे काम करत. यांच्या मुख्य खाचा बोथट आणि बारीक खाचा तीक्ष्ण असतात. हा विरोध दिसला की समजावे.

काळ्या प्रकाशाच्या, म्हणजे अतिनील दिव्याची चाचणी पुष्कळ लोक विचारतात. त्या दिव्याखाली जुनी अमेरिकन काच बऱ्याचदा पिवळट हिरवी चमकते. हा एक संकेत आहे, पुरावा नाही. एकट्या रंगावर वस्तू विकत घेऊ नका.

सही कुठे असते? सही नसली तर वस्तू खोटी का?

सही अ‍ॅसिडने उमटवलेली, पुसट आणि नखाएवढी असते. वाडग्यात ती बहुधा आत तळाच्या मध्याजवळ, जगवर मुठीवर, पेल्यावर पायाच्या खाली, म्हणजे जिथे खाच नाही तिथे. भांडे दिव्याखाली हळूहळू तिरपे करा किंवा त्या जागी तोंडाची वाफ सोडा. वाफेत खूण क्षणभर उठून दिसते. हॉक्सच्या त्रिदळात दोन ससाणे आहेत, होअरच्या वर्तुळात १८५३ हे वर्ष आहे, लिबीच्या नावाखाली तलवार येते.

सहीची पद्धत १८९० च्या दशकात रुळली. त्याआधीचे उत्तम काम बिनसहीचे आहे आणि नंतरचेही पुष्कळ. उलट रबरी शिक्का आणि काच खाणारी पेस्ट घेऊन आज कोणीही खोटी सही उमटवू शकतो. नक्षी, काच आणि कामाचा दर्जा आधी तपासा, सही शेवटी.

मग नक्षीचे नाव आणि कारखाना कसा ठरवतात?

कारखान्यांच्या जुन्या विक्री-सूचिपत्रांवरून, जाहिरातींवरून आणि पेटंटच्या चित्रांवरून. नक्षीचे पेटंट त्या काळी साडेतीन, ७ किंवा १४ वर्षांसाठी मिळे आणि ही चित्रे आज इंटरनेटवर फुकट पाहता येतात. पद्धत अशी : तळाच्या चांदणीची टोके मोजा (१६, २४, ३२), दोन मोठ्या आकृत्यांच्या मध्ये काय आहे ते पाहा, कडेचे दाते पाहा, मग सूचिपत्र उघडा. 'रशियन'मध्ये उठलेल्या बटणाकडे, म्हणजे खाचांमधल्या उंचवट्याकडे, खास लक्ष द्या. ते साधे आहे की त्यावर पुन्हा चांदणी कापली आहे, यावरून पोटप्रकाराचे नाव बदलते. १९७८ पासून काम करणारी अमेरिकन कट ग्लास असोसिएशन अशी सूचिपत्रे पुन्हा छापत आली आहे. तिचे नियतकालिक 'द हॉबस्टार'.

कागद किती नाजूक असतो, हे कॉर्निंगने अनुभवले आहे. २३ जून १९७२ रोजी अ‍ॅग्नेस वादळाच्या पुराचे पाणी संग्रहालयात पाच फुटांवर चढले. १३,००० पैकी ५२८ काचवस्तूंना इजा झाली. काच धुता येते, जोडता येते. पण ग्रंथालयातली सूचिपत्रे, पुस्तके आणि नोंदी चिखलात भिजल्या. बुरशी लागण्याआधी ती गोठवून ठेवली आणि मग सवडीने वाळवून दुरुस्त केली. ते झाले नसते तर अनेक भांडी आज अनाम राहिली असती. तेच ग्रंथालय आता राकोव्ह रिसर्च लायब्ररी म्हणून ओळखले जाते आणि कोणालाही विनामूल्य खुले आहे.

आमच्या मते कट ग्लासचा वारसा चमकणाऱ्या वाडग्यांपेक्षा या कागदांत, झिजलेल्या चाकांत आणि अर्धवट कापून टाकून दिलेल्या भांड्यांत जास्त आहे. अर्धवट भांड्यावर शेंदराची रेघ, लोखंडी चाकाची खरखर आणि दगडाचा गुळगुळीतपणा शेजारी शेजारी दिसतात. पूर्ण झालेल्या भांड्याने हे सगळे पुसून टाकलेले असते.

संग्रहालयात ही काच जपताना कशाची भीती असते?

सगळ्यात जास्त माणसाच्या हाताची. जड वाडगा कडेला धरून उचलला की दाते तुटतात, म्हणून एक हात तळाखाली आणि एक कुशीला. अंगठ्या, घड्याळे काढून ठेवतात. गुळगुळीत काचेवर सुती हातमोजे घसरतात, त्यामुळे स्वच्छ कोरडे हात किंवा नायट्राइलचे मोजे. कपाटात उष्ण दिवे ठेवत नाहीत, कारण जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने तापतात.

चांगली शिशाची काच दमट हवेला बऱ्यापैकी टिकते. ज्या काचेचे मिश्रणच चुकलेले असते, क्षार जास्त आणि चुना कमी, ती मात्र 'आजारी' पडते. आधी घाम आल्यासारखी चिकट होते, मग आत बारीक तड्यांची जाळी धरते. अशा वस्तूंसाठी हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवतात. झालेली जाळी परत भरून येत नाही.

तुटलेले तुकडे जोडायला काचेच्या अपवर्तनांकाजवळ जाणारे स्वच्छ इपॉक्सी किंवा पुन्हा विरघळवता येणारे पॅरालॉइड बी-७२ वापरतात. बाजारातला झटपट चिकटणारा गोंद कधीच नाही.

घरी असलेला कट ग्लास कसा धुवावा?

एका वेळी एकच नग. बेसिनमध्ये टॉवेल अंथरा, नळ बाजूला वळवा, कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्या. खाचांतली धूळ मऊ ब्रशने काढा आणि लगेच पुसा, नाहीतर कठीण पाण्याचे पांढरे डाग खाचांत बसतात. डिशवॉशर नाही, गरम चहा-सरबत नाही, फ्रिजमधून काढून थेट कोमट पाण्यात तर मुळीच नाही. जाड तळ आणि पातळ कड यांचे तापमान एकदम बदलले की भांडे आवाज करून फुटते.

सुरईत पाणी किंवा वाइन दिवसेंदिवस राहिली की आत धुरकट थर येतो. तो वरवरचा क्षार असेल तर पातळ व्हिनेगरने जातो. काचेचा पृष्ठभागच खाल्ला गेला असेल तर काही उपाय नाही. बूच लावण्यापूर्वी सुरई पूर्ण वाळवा. आणि त्यात पेय साठवून ठेवू नका : आंबट आणि मद्ययुक्त पदार्थांत शिसे उतरते. पाहुण्यांसाठी तासभर वाढणे वेगळे, महिनाभर भरून ठेवणे वेगळे. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना यातून काही देऊच नये.

कडेचा दाता उडाला आहे. घासून सारखा करावा का?

वस्तू जुनी असेल तर आधी जाणत्याला दाखवा. दुरुस्ती करणारे सगळी कड खाली घासून सपाट करतात, तेव्हा दात्यांची उंची कमी होते आणि नक्षी काठाशी अचानक तुटते. विकत घेताना हेच उलट तपासा : काठाजवळचा पंखा अर्धाच दिसत असेल तर कड घासलेली आहे.

संग्रहालय माझ्या वस्तूची किंमत सांगेल का?

नाही. हितसंबंध आड येतात म्हणून संग्रहालये किंमत सांगत नाहीत. नक्षी ओळखायला मदत मागता येते. दिवसाच्या उजेडात काळ्या कापडावर काढलेले फोटो पाठवा : वरून, बाजूने, तळ, सही असल्यास जवळून, सोबत मोजपट्टी. फ्लॅश नको, सगळ्या खाचा पांढऱ्या होतात.

हा धंदा का संपला?

एका कारणाने नाही. साच्यातल्या स्वस्त नकलांनी मध्यमवर्गीय गिऱ्हाईक नेले, कारखान्यांनी किंमत उतरवण्यासाठी काम उथळ केले आणि त्यामुळे चांगले गिऱ्हाईकही दुरावले. पहिल्या महायुद्धात शिसे दारूगोळ्याकडे वळले, जर्मनीचे पोटॅश येईना. युद्धानंतरच्या घरांना हलकी, साधी, पातळ काच आवडू लागली. हॉक्स तग धरून राहिला, पण १९६२ मध्ये तोही बंद झाला.

न्यू जर्सीहून मराठी कुटुंबे नायगाऱ्याला जातात. वाटेत कॉर्निंग होईल का?

होईल. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूने कॉर्निंग साधारण चार तास, तिथून नायगारा अजून अडीच तास. दोन तासांचा थांबा अपुरा पडतो, निदान चार तास ठेवा. भट्टीवरचे प्रात्यक्षिक मुलांना खिळवून ठेवते, पण ते गरम काचेचे असते. कापण्याचे काम थंड काचेचे, त्यासाठी नक्षीच्या दालनांतच वेळ द्यावा लागतो. व्हाइट मिल्स एडिसनहून दोनेक तासांवर. तिथले डॉर्फ्लिंगर ग्लास म्युझियम हिवाळ्यात बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहा.

हे काम आज शिकता येते का?

येते. कॉर्निंगच्या 'द स्टुडिओ'त थंड काचेवरच्या कामाचे वर्ग होतात. वाळू आणि लोखंडाऐवजी आता हिऱ्याची भुकटी बसवलेली चाके असतात, पाण्याची धार तीच. नवशिक्याला आधी एकच सरळ खाच पाडायला देतात, एका खोलीची, एका रुंदीची, काठापासून तळापर्यंत. ती साधायलाच बराच वेळ जातो.